तिसरा दिवा

ट्रॅक्टर पहिल्याच चावीला सुरू झाला आणि आण्णांचा चेहरा उतरला.

"बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केला आणि परत चावी फिरवली. परत सुरू झाला. असं सहा वेळा केलं, सहाही वेळा इंजिनानं लगेच धरलं. आण्णा द्राक्षाच्या मांडवाच्या डांबाला टेकून उभे होते. कानावर पेन्सिल, हातात कंपनीनं ट्रॅक्टरबरोबर दिलेलं माहितीपुस्तक. त्या पुस्तकाला त्यांनी शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं.

"सकाळी अर्धा तास झटत होतो," ते म्हणाले. "चावी फिरवली की नुसता गप्प. सेल्फचा आवाजच न्हाई. आन तू आलास की शहाण्यागत वागतोय."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, दस्तगीर मुल्ला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मिरजेत एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये वायरिंग, बॅटरी, सेल्फ असलं इलेक्ट्रिकचं काम बघत होतो. आण्णा म्हणजे आरगच्या पुढच्या वाडीतले भूपाल बिरनाळे. साठीला टेकलेले, अंगानं सडसडीत, बोलणं तोलून-मापून. पाच एकर द्राक्षबाग. दोन ओळींच्या मधून अंग चोरून जाईल असा छोटा ट्रॅक्टर त्यांनी त्या उन्हाळ्यात आमच्याकडून घेतला होता आणि ऑगस्टपासून तो अधूनमधून सुरू होईनासा झाला होता.

ही माझी तिसरी खेप. पहिल्या खेपेला बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती, ती घासून काढली. दुसऱ्या खेपेला सेल्फचा रिले बदलला. दोन्ही वेळा मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर व्यवस्थित सुरू होत होता आणि मी गेल्यावर दोन-तीन दिवसांत आण्णांचा फोन येत होता. आमचे सर्व्हिसचे मॅनेजर शिंगटे साहेब म्हणाले होते की तक्रारीच्या कार्डावर 'ग्राहकाला वापर समजत नाही' असं लिहून मोकळा हो. पण आण्णा तीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होते. त्यांना वापर समजत नाही असं लिहायला माझा हात धजत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या बिघाडानं माझं डोकं धरलं होतं. मी नसताना येतो, मी असताना पळतो, हा बिघाड असतो तरी कसा, हे मला बघायचंच होतं.

आण्णांच्या बायकोनं, चंपाकाकींनी, ताक आणून दिलं. त्या जाता जाता म्हणाल्या की त्यांच्या हातून तर तो एकदाही बंद पडलेला नाही. आण्णा म्हणाले, तू दिवसातनं एकदा चावी लावणार, मी वीस वेळा. काकी आत गेल्या.

ताक पिता पिता मला एक युक्ती सुचली. मी आण्णांना विजेचा रस्ता समजावून सांगितला. करंट बॅटरीतून निघतो तो चावीपाशी येतो. चावी फिरवली की पुढे क्लचच्या पायडलापाशी एक लहान स्वीच आहे तिथं जातो. क्लच पूर्ण खालपर्यंत दाबला तरच तो स्वीच जुळतो आणि करंट पुढे रिलेला, मग सेल्फला मिळतो. गाडी गिअरमध्ये राहिली असली तर सुरू होताना उडी मारू नये म्हणून ही सोय. या रस्त्यावर कुठंतरी करंट अडतोय. कुठं, ते मी इथं नसताना मला कोण सांगणार?

"मी सांगतो की," आण्णा म्हणाले. "पर मला दिसायला तर पायजे."

मी पिशवीतून तीन छोटे दिवे काढले. एक चावीच्या अलीकडे जोडला, दुसरा चावीच्या पलीकडे, तिसरा क्लचच्या स्वीचच्याही पलीकडे. तिन्ही स्टिअरिंगच्या समोर ओळीनं बसवले. ट्रॅक्टर सुरू झाला नाही की चावी तशीच धरून कुठले दिवे लागलेत तेवढं बघायचं आणि लिहून ठेवायचं, असं त्यांना सांगितलं.

आण्णांनी तिन्ही दिव्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे जिथनं पुढचा दिवा लागत न्हाई, तिथं चोर बसलाय."

"बरोबर."

ते इतके खूश झाले की घरात जाऊन एक अर्धी कोरी वही घेऊन आले आणि बांधावर बसून पट्टीनं रकाने आखायला लागले. तारीख, वेळ, हवा, कोणी चावी लावली, कुठले दिवे लागले. हवा कशाला असं मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागून तार ताणत असंल, कुणाला ठाऊक. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला. गिऱ्हाईक तक्रार करतं, हात झटकतं. हे माझ्याबरोबर शोधायला बसले होते.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात विजय होता. "दस्तगीर, पैला लागतोय, दुसरा लागतोय. तिसरा न्हाई. दर वेळी तसंच."

मी त्याच दुपारी गेलो. क्लचचा जुना स्वीच काढून नवा बसवला. वर आणखी खबरदारी म्हणून तो अर्धं बोटभर पायडलाच्या बाजूला सरकवला, म्हणजे क्लच थोडा कमी दाबला गेला तरी जुळावा. हादऱ्यानं बोल्ट सैल होऊन स्वीच परत मागे जातो का हे कळावं म्हणून बोल्टवर आणि पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरासा जरी फिरला असता तरी रेघ तुटलेली दिसली असती. आण्णांना ही रेघ सगळ्यात जास्त आवडली. त्यांनी वहीत 'निकाल लागला' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली.

पुढचे दहा-बारा दिवस फोन आला नाही. मग आला. आवाजात आता विजय नव्हता. तिसरा दिवा पुन्हा लागत नव्हता. आणि या वेळी आण्णा नुसता फोन करून थांबले नव्हते, त्यांनी ट्रॅक्टर बदलून मागणारं रजिस्टर पत्र थेट कंपनीला पाठवलं होतं.

शिंगटे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी पुण्याहून कंपनीचे साहेब येणार होते. माझी नोकरी कायम करायचा कागदही त्यांच्याच सहीला जाणार होता. "आज शुक्रवार," शिंगटे म्हणाले. "उद्या जा, स्वीच डायरेक्ट कर, कार्डावर त्यांची सही घे आणि विषय संपव."

डायरेक्ट करणं म्हणजे स्वीचकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. मग क्लच दाबा, न दाबा, चावी फिरवली की ट्रॅक्टर सुरू. अर्ध्या मिनिटाचं काम. सगळेच मेकॅनिक करत, मीही करत होतो. मी वीतभर तार पिशवीत टाकली.

शनिवारी सकाळी पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींवर कोवळी पानं आणि बारीक घड आले होते, आणि पहाटे भुरभुर होऊन गेली होती. अशा हवेत डावणी नावाचा रोग एका रात्रीत घडांवर बसतो. दुपारपर्यंत फवारणी झाली नाही तर वर्षाचं पीक हातचं जायची भीती. ट्रॅक्टरला मागे फवारणीचा ब्लोअर जोडून तयार होता आणि आण्णा बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याचे कॉक बघायला गेले होते.

मी आधी स्वीच बघितला. पांढरी रेघ जशीच्या तशी होती, बोल्ट केसभरही हललेला नव्हता. हातानं स्वीच दाबला, तिसरा दिवा लागला. पन्नास वेळा दाबला, पन्नास वेळा लागला. स्वीच चांगला, आपल्या जागेवर, आणि तरी जुळत नाही. याचा अर्थ पायडल त्याच्यापर्यंत येत नाही. पायडलाचा दांडा वाकला असेल म्हणून पट्टी लावून बघितली. दांडा सरळ होता. मी स्वतः बसून क्लच दाबला, तिन्ही दिवे लागले.

पिशवीत तार होती. ती जोडून मी निघून जाऊ शकत होतो. पण मला आता राहवेना. सीटखाली वही होती, ती घेऊन मी बांधावर बसलो आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.

आण्णांचं अक्षर वळणदार होतं. पहिल्या पानांवर तरी होतं. ऊन, ढग, वारा, सगळं टिपलेलं. बंद पडायच्या वेळा बहुतेक अकराच्या पुढच्या, म्हणजे सकाळभर बागेत फिरून झाल्यावरच्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, शेवटच्या पानावर दिवसातून चारदा. मग मी एकच रकाना वरून खाली वाचत गेलो. चावी कोणी लावली. त्यात 'मी' होतं, 'चंपा' होतं, दोनदा 'गडी' होतं. ट्रॅक्टर एकतीस वेळा बंद पडला होता, आणि त्या एकतीसही ओळींत 'मी' लिहिलेलं होतं.

इतक्या वेळा मी आलो होतो, पण दर वेळी सीटवर मीच चढत होतो. आण्णांना चावी लावताना मी एकदाही बघितलं नव्हतं.

ते ओळीतून येताना दिसले. मी म्हणालो, "आण्णा, आज तुम्ही बसा. मी खालून बघतो."

ते पायरीवर चढले. चढताना त्यांनी डाव्या पायाची पँट हातानं धरून तो पाय वर घेतला. आणि तो पाय अनवाणी होता. मी मागे बघितलं. दहा-बारा पावलांवर त्यांची चप्पल चिखलात रुतून बसली होती.

"आण्णा, चप्पल राहिली."

त्यांनी पायाकडे बघितलं, मग मागे. "निसटली असंल."

"कळलं नाही तुम्हाला?"

"चिखलात काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी विषय मोडला. मी चप्पल आणून दिली. तळ चिखलानं भरला होता, पण पट्टे धड होते.

मी बांधावरच्या ओल्या मातीची लहानशी गोळी केली आणि पायडल जिथं जाऊन टेकतं तिथं चिकटवली. क्लच पूर्ण दाबला गेला तर गोळी चपटी होणार. खाली गुडघे टेकून बसलो आणि म्हणालो, "दाबा."

"दाबला."

वर तिसरा दिवा लागलेला नव्हता. गोळी गोलच्या गोल होती.

"आणखी दाबा, आण्णा."

"अरे, टेकलाय खाली. आता काय जमिनीत दाबू?"

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या मांडीचा स्नायू थरथरत होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. सगळा जोर लावून ते दाबत होते आणि पायडल तळाला टेकलंय अशी त्यांची खात्री होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर पायडल आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा होती. मी त्या जागेत माझी दोन बोटं घातली. बोटं आरामात मावली.

"वाकून बघा," मी म्हणालो.

आण्णा वाकले. माझ्या बोटांकडे किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून अंगाचा भार टाकला. मी बोटं काढून घेतली. पायडल खाली गेलं, गोळी चपटी झाली आणि तिसरा दिवा लागला.

"स्प्रिंग कडक हाय," ते म्हणाले.

"स्प्रिंग ठीक आहे, आण्णा. तुमचा पाय—"

"तुला ट्रॅक्टर बघायला पाठवलंय का माझा पाय?"

त्यांनी आभाळाकडे बघितलं, मग बागेकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "डायरेक्ट करून दे. तसं करता येतंय ते मला ठाऊक हाय. बाग वाट बघत न्हाई कुणाची."

मॅनेजरनं तेच सांगितलं होतं, आता मालकही तेच म्हणत होता. मी तार काढली, जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. आण्णांनी क्लचला हलकाच पाय लावून चावी फिरवली, ट्रॅक्टर सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे न बघता कार्डावर सही केली आणि ब्लोअर घेऊन ओळीत शिरले. मी मोटरसायकलला किक मारली.

बेडगच्या फाट्यावर चहाला थांबलो. चहा येईपर्यंत कार्ड फायलीत लावावं म्हणून फाइल उघडली. आण्णांच्या तक्रारीची सगळी कार्डं एकामागे एक होती. नवीन कार्ड त्यांच्यावर ठेवताना काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मी ती चहावाल्याच्या बाकावर ओळीनं मांडली. ऑगस्टची सही छापल्यासारखी होती. सप्टेंबरची जरा मोठी, पसरलेली. त्यानंतरची ओळ सोडून खाली घसरलेली. आजच्या सहीत 'बिरनाळे' वाचताच येत नव्हतं, शेवटच्या अक्षरापाशी पेन कागदात घुसून भोक पडलं होतं.

पाय कमजोर आहे हे मी बघितलं होतं. पाय दुखतात माणसांचे, वयानं होतं, असं स्वतःला सांगत मी इथवर आलो होतो. पण पायाच्या दुखण्यानं सही कशी बिघडेल? एका तारेत दोष असला तर एक दिवा जातो. दोन ठिकाणचे दिवे एकाच वेळी मंद व्हायला लागले तर दोष त्याच्या आधी, जिथून दोन्ही तारा निघतात तिथं शोधायचा असतो. मला डॉक्टरकी येत नव्हती, हे एवढंच येत होतं. चहा तसाच ठेवून मी गाडी वळवली.

बागेतून ब्लोअरचा आवाज येत होता. मी आधी घरी गेलो. चंपाकाकी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मातीची गोळी, दोन बोटं, चिखलातली चप्पल, सह्या. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "गणपतीपासनं शर्टाची बटणं मी लावतीया त्येंची. बोटं गार पडत्यात म्हणायचे."

मग म्हणाल्या, "आन परवा तिकडच्या टोकाला डांब पाडला. ब्रेक लागला न्हाई म्हणाले. मला वाटलं ट्रॅक्टरच खराब हाय. तू तर रोज त्येच्याच मागं लागलेला."

हे खरं होतं. सगळ्यांनी मिळून ट्रॅक्टरकडे बघितलं होतं.

काकी उठल्या, पदर खोचला आणि बागेकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेलो. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाशी येत होता. काकी ओळीच्या बाहेर, वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. आण्णांनी त्यांना बघितलं. पाय क्लचकडे गेलेला मला दिसला. तरी ट्रॅक्टर जिथं थांबायला पाहिजे होता तिथं थांबला नाही. चार हात पुढे आला आणि काकींपासून हातभर अंतरावर गचका खाऊन बंद पडला. काकी जागच्या हलल्या नव्हत्या.

आण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकींनी पुढे होऊन चावी काढली. "सोमवारी मिरजेला जाऊन दाखवून यायचं," त्या म्हणाल्या. "तवर चावी माझ्याकडं."

"औषध अर्धं ऱ्हायलंय," आण्णा म्हणाले.

"मी मारते की."

आण्णा खाली उतरले. उतरायला त्यांना वेळ लागला, पण त्यांना हात द्यायची आम्हा दोघांचीही छाती झाली नाही. मी ट्रॅक्टरखाली शिरून माझी तार तोडली, स्वीच परत जोडला आणि फायलीतलं आजच्या सहीचं कार्ड फाडून टाकलं. काकी सीटवर बसल्या, नाका-तोंडाला पदर बांधला आणि क्लच दाबला. तिन्ही दिवे लागले. औषधाचा धुरळा उडवत त्या पुढच्या ओळीत गेल्या.

आण्णा आणि मी बांधावर उभे राहिलो. काकींच्या दोन ओळी झाल्या.

"दोन बोटं?" मग त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

"आन मला वाटत होतं, टेकलाय."

सोमवारी पुण्याचे साहेब आले तेव्हा आण्णांची तक्रार उघडीच होती आणि माझ्याकडे सही नव्हती. गिऱ्हाइकाचा पाय कमजोर आहे हे मी सांगून बघितलं, तर शिंगटे साहेबांनी कपाळावर हात मारला. माझा कायम होण्याचा कागद तीन महिने पुढे गेला. त्याच आठवड्यात कंपनीला आण्णांचं दुसरं पत्र आलं, पोस्टकार्डावर, काकींच्या अक्षरात. ट्रॅक्टरमध्ये काही दोष नाही, पहिलं पत्र रद्द समजावं, एवढंच. त्यानंतर वाडीकडून फोन आला नाही आणि करायला मला धीर झाला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी आण्णा स्वतः वर्कशॉपला आले. एसटीनं आले होते. गळ्याभोवती जाड पट्टा, हातात काठी. पायात चपलांच्या जागी बूट. मी स्टूल पुढे केलं. ते बसले आणि कुणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगायला लागले.

मिरजेच्या डॉक्टरनं त्यांना डोळे मिटून उभं केलं तर ते पडायला लागले. पायाचा अंगठा धरून वर केला की खाली, ते विचारलं, तर ओळखता आलं नाही. मग मशीनमध्ये घालून फोटो काढले. मानेच्या मणक्यात आतली शीर दोन ठिकाणी चेपली होती, हातापायांना जाणाऱ्या सगळ्या तारा तिथूनच जातात. दुखत नव्हतं म्हणून कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-सहा महिने गेले असते तर चालणं बंद झालं असतं आणि मग ऑपरेशन करूनही परत आलं नसतं. ऑपरेशन झालं होतं; आता गेलेलं सगळं येणार नाही, पण आहे ते राहील.

"कुणी पाठवलं म्हणून विचारलं त्येनं," आण्णा म्हणाले. "कुठला डॉक्टर म्हणून. मी म्हणालो, ट्रॅक्टरचा मेकॅनिक."

आम्ही दोघंही हसलो. मी चहा मागवला. बागेचं विचारलं. माल बरा निघाला होता, ट्रॅक्टर आता काकीच चालवत होत्या आणि आण्णांना शेजारच्या फळकुटावरही बसू देत नव्हत्या. आण्णांनी कप दोन्ही हातांनी धरून चहा घेतला. कप खाली ठेवला, पण उठायचं लक्षण दिसेना. काही तरी विचारायचं राहिलंय असं वाटत होतं.

"त्या दिवशी तू डायरेक्ट करून गेला होतास," ते शेवटी म्हणाले.

"हो, आण्णा." मला वर बघवेना.

"मी सांगितलं म्हणून केलंस, ते सोड. तुला बोल लावायला आलो न्हाई. दवाखान्यात पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात येत होती, ती विचारायला आलोय." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या आधी किती जणांचं डायरेक्ट केलंयस?"

मला आकडाच माहीत नव्हता.

"तेंच्यातल्या किती जणांचा स्वीच खराब होता?"

हेही मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं. क्लचच्या स्वीचपाशी करंट अडतोय एवढं कळलं की तार जोडायची, हात पुसायचे आणि पुढच्या कामाला लागायचं.

आण्णा काठी टेकून उठले. त्यांची एसटी यायची वेळ झाली होती. मी त्यांना स्टँडवर सोडून आलो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जुन्या कार्डांचे गठ्ठे काढून बसलो. दोन वर्षांत माझ्या हातानं तेवीस ट्रॅक्टर डायरेक्ट झाले होते. मी तेवीस नावं आणि गावं एका कागदावर उतरवली आणि पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, पहिल्या नावाकडे गेलो. म्हैसाळचे गुंडू ऐनापुरे. ऊस लावलेला, वय पन्नासच्या आतबाहेर, माणूस खडखडीत. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं.

"मी कुठं बोलावलं होतं?" ते म्हणाले. "ट्रॅक्टर झकास चाललाय. काय बिघडलेलं न्हाई."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही जरा सीटवर बसा. क्लच दाबून दाखवा मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे, आणि याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा चेहऱ्यानं वर चढले. मी त्यांच्या पायापाशी उकिडवा बसलो.